वजीरच्या नखातला धागा

१

वजीर मेला तो डावीकडे वळता वळता.

म्हणजे असं, की बरेच दिवस हा कुत्रा अंगणात एकाच बाजूने गोल गोल फिरत होता. समोर भिंत आली की तिला डोकं टेकवून उभा राहायचा, जसं काही भिंत त्याच्या कानात काही सांगून राहिली आहे. सांगून झालं की पुन्हा गोल. एका सकाळी तुळशीपाशी आडवा पडला. पाय मात्र चालतच होते. ते थांबले तेव्हा सगळंच थांबलं.

मी शेजारी राहतो. समोरून मला मनोहरराव म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते छापण्याजोगं नाही. गल्लीचं म्हणणं असं की मी थापा मारतो. आता नागपूरच्या वैशाखात कावळे आपली सावली चोचीत धरून उडतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. कुठं उतरले तर बसायला लागते ना! एका उन्हाळ्यात काटोल रोडच्या डांबरात माझी चप्पल रुतली, ती पुढच्या पोळ्याला निघाली, आणि निघाली तेव्हा तिच्यात दुसऱ्याच कोणाचा पाय होता. लोकांना पटत नाही, त्याला माझा इलाज नाही. पण वजीरच्या बाबतीत मी पदरचा शब्द घालणार नाही. तशी जागाच त्या गोष्टीत उरलेली नाही.

"विष घातलं कोणंतरी," इंदूताई म्हणाल्या. घर त्यांचं. नवरा मारोतराव गेल्या उन्हाळ्यात वारला. थोरला मुलगा जितेंद्र काटोलच्या मंडीत संत्र्याचा व्यापार करतो, त्याची बायको अश्लेषा, त्यांची लहानगी रितिका. धाकटा धर्मेंद्र पारशिवनीकडे कोंबड्या पाळतो. बापाच्या अस्थी रामटेकला न्यायच्या की नाशिकला, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद.

कुत्रा असा मेला म्हणून मी माझ्या भाचीला फोन केला. नीला पशुवैद्यक आहे, मेलेल्या जनावरांची चिरफाड करून मरणाचं कारण शोधते. मेलेली जनावरं खोटं बोलत नाहीत, असं ती म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे बघते. ती वजीरला जनावरांच्या दवाखान्याच्या गाडीत घालून घेऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मामा, पिसाळलेला नव्हता. विषही नाही. मेंदूत गाठ आहे."

"कसली?"

"काळी. मी अशी आजवर पुस्तकातच पाहिली होती." मग तिने विचारलं, "त्या घरात आणखी कोणाचं डोकं दुखतंय का?"

मी कंपाउंडवरून पाहिलं. जितेंद्र अंगणात चहा घेऊन उभा होता. उजव्या हातातला कप हळूहळू कलत होता, गरम चहा त्याच्याच पायावर सांडत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

२

धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्याच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर मोहित बाहेर आले ते हातात छोटी बाटली घेऊन. आत पू होता, पण जुन्या स्कूटरच्या इंजिनातून निघालेल्या ऑइलसारखा.

नीलाने वजीरची काचपट्टी आणली होती. दोघांनी दोन्ही काचपट्ट्या एकाच सूक्ष्मदर्शकाखाली आळीपाळीने पाहिल्या. मलाही पाहू दिलं. तपकिरी, गाठीगाठींचे, फाटे फुटलेले धागे. कुत्र्याचे कोणते आणि माणसाचे कोणते, ते काही मला सांगता आलं नाही.

"बुरशी," नीला म्हणाली. "पण भाकरीवरची नव्हे. हिच्या अंगातच काळा रंग असतो, त्याच्या जोरावर ही ऊन सोसते अन् शरीराचा मारापण सोसते. मातीत, सडक्या लाकडात, काडीकचऱ्यात राहते. माणसं रोज हुंगत असतील, काही होत नाही. अन् एखाद्याच्या मात्र थेट मेंदूत जाऊन बसते."

तिने बुरशीचं नाव सांगितलं, क्लॅडोफियालोफोरा. इतकं लांब नाव, की म्हणून होईस्तोवर रोग्याने बरं व्हायला हवं. पण होत नाही. "वाचतात का?" असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर मोहितांनी चष्मा काढून पुसला. "काही वाचतात. बहुतेक नाही. गाठ काढली, औषध दिलं, तरी नाही."

इंदूताईंनी या सगळ्यातून एकच शब्द उचलला.

"काळं निघालं माह्या पोराच्या डोक्यातून!" त्या उठून उभ्या राहिल्या. "कुत्र्याच्याही काळं, याच्याही काळं. अन् कुत्र्याच्या नखात काय होतं वं नीला? सांग ना!"

नीलाने ते आधी सांगितलेलं होतं. वजीरच्या नखांत तांबूस, चिवट धागे अडकलेले होते.

"नारळाच्या शेंडीचे धागे ते! उतरवलेला नारळ पुरला हिनं अंगणात, कुत्र्यानं उकरला." त्यांनी अश्लेषाकडे बोट केलं. "पाडव्याच्या दिवशी काय बोलली होती गं तू? साऱ्या गल्लीनं ऐकलं."

ऐकलं होतं खरं. मीही ऐकलं होतं. पाडव्याला त्या घरात मोठं भांडण झालं, आणि अश्लेषाचा आवाज भिंतीपार आला होता: 'याच्यापायी या घरात एखाद्याचा जीव जाईल!'

"जितू घरी आला का तू माहेरी जाजो," इंदूताई म्हणाल्या. "रितिका इथंच राहीन. पोरीले तुह्या हाती नाही ठेवत मी."

दवाखान्याच्या जिन्यात अश्लेषाने नीलाला गाठलं. "ताई, मी काही केलं असं तुम्हाला वाटते का?"

"मला काय वाटते त्याला किंमत नाही. तुझ्या नवऱ्यानं अन् कुत्र्यानं मिळून एखादी गोष्ट हुंगली आहे, जी बाकीच्यांच्या नाकात तेवढी गेली नाही. ती सापडली की तू सुटलीस."

"अन् नाही सापडली तर?"

"तर ती अजून तुमच्या घरातच आहे," नीला म्हणाली. "अन् तुझी पोरगीपण घरातच आहे."

३

गल्लीचा संशय काढ्यावर होता. अश्लेषा जितेंद्रला रोज काळाभोर काढा द्यायची आणि उरलेला वजीरच्या भांड्यात ओतायची, हे इंदूताईंनी दारोदार सांगून झालं होतं. त्यात अश्लेषाला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागलेली, ती सासूला नको होती. म्हणजे हेतूही मिळाला. आमच्या गल्लीत हेतू मिळाला की पुरावा आपोआप चालत येतो, रिक्षादेखील लागत नाही.

नीलाने अश्लेषाच्या स्वयंपाकघरात बसून एकच प्रश्न विचारला. "शिंका आधी सुरू झाल्या का काढा आधी?"

"शिंका. पाडव्याच्या आदल्या दिवसापासून यांना शिंकाच शिंका. म्हणून तर काढा करून राहिली होती मी."

"उकळायचीस?"

"अर्धा होईस्तोवर."

"मग काढा गेला," नीला म्हणाली. "उकळल्यात ही बुरशी जगत नाही, अन् शिंका त्याच्या आधीच्या आहेत. बरं, पाडव्याला भांडण कशावरून झालं?"

अश्लेषाने ओट्यावरचं नसलेलं पाणी पुसलं. "सासू-सुनेचं भांडण ताई, घरोघरी होते. बाबांची एक वस्तू होती. सोडा ना. आईंना लागते त्याचं." बाबा म्हणजे मारोतराव. त्यांचा हार घातलेला फोटो समोरच होता.

नीलाने घर पाहिलं. अंगण उकरलेलं नव्हतं, नारळ कुठे नव्हता. जिन्याखाली धर्मेंद्रने आईसाठी पाठवलेली कोंबडीखताची पोती होती. हॉलमध्ये कूलर सुरू होता, त्याला नवीकोरी कागदी जाळी. वजीर कुठे झोपायचा, कुठे जायचा?

"कुठंच नाही जाय. फाटकाबाहेर पाय नाही ठेवे तो. फक्त हे गच्चीवर गेले का मागं मागं जाय."

नीला पोत्यांपाशी खाली बसली. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "मामा, पारशिवनीची बस कुठून मिळते?"

४

धर्मेंद्रच्या शेडमध्ये शिरलो आणि मी दोन पावलं मागे आलो. कोंबड्या माना पिरगाळून उभ्या होत्या. एकीचं डोकं पाठीवर, एक उलटी चालत होती, एक गोल फिरत होती. अगदी वजीरसारखी.

"पाहा ताई," धर्मेंद्र म्हणाला. "आता मलेही म्हणतीन, यानंच केलं."

"म्हणायला सुरुवात झाली आहे," मी म्हणालो.

"कोण म्हणते?"

"मी सोडून सगळे."

नीला मात्र सरळ आत गेली. "या बुरशीची एक चुलत बहीण आहे, ती कोंबड्यांच्या मेंदूत जाते. म्हणूनच आले मी." तिने मेलेल्या कोंबड्या मागितल्या आणि शेडच्या मागे बसून त्यांची डोकी उघडली. मी तोवर धर्मेंद्रला, माझ्या आजोबांच्या कोंबड्याने एकदा तहसीलदाराला कसं हाकललं ते सांगितलं. तो हसला नाही. मीही मधेच सोडून दिलं.

"मेंदू स्वच्छ आहेत," नीला हात धूत म्हणाली. "ही मानमोडी आहे. लस टोचायला विसरलात तुम्ही. खताची पोतीही शिवलेलीच पडली आहेत, कोणी उघडली नाहीत. तुम्ही सुटलात."

धर्मेंद्रचे खांदे खाली आले. "बाबा गेल्यापासून मी त्या घरात पाय नाही ठेवला. बाबा होते तोवर उन्हाळा आला का साऱ्या घराले सुगंध राहे. आता त्या घराचा वासच नको वाटते." मग चाचरत म्हणाला, "वहिनीनं काही नाही केलं, मले माहीत आहे."

"मग सांगा ना चारचौघांत."

"मी कसा सांगू वो ताई? मी सांगतलं का लोक म्हणतीन, दिराले एवढा काहून पुळका आला."

हे खरं होतं. लोक म्हणाले असते. आणि पहिला कोण म्हणाला असता तेही मी सांगू शकत होतो, नाव, घर, दाराचा रंग यांसकट.

परतीच्या बसमध्ये डॉक्टर मोहितांचा फोन आला. नीला नुसती "हो, हो" करत होती. फोन ठेवून तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"आणखी गाठी दिसल्या. खोल आहेत, तिथं चाकू पोचत नाही. घरी न्या म्हणाले."

५

तिच्या प्रयोगशाळेत एका झाकणाच्या काचेत ते तांबूस धागे होते. मी सवयीने नाकाजवळ न्यायला गेलो, तर तिने माझ्या हातावर अशी चापट मारली की मला माझी आई आठवली.

"वास घ्यायचा नाही! तोंडाला कापड बांधा अन् इकडून बघा. नारळाची शेंडी अशी दिसत नाही. हे मूळ आहे. गवताचं मूळ."

गवताचं तांबूस, चिवट मूळ. नागपुरात जन्मलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. "वाळा," मी म्हणालो. "कूलरच्या बाजूंना लावतात त्या ताट्यांचा वाळा! पण त्यांच्या कूलरला तर कागदी जाळी आहे."

"कोरी जाळी. म्हणजे यंदाच बसवलेली. त्याआधी काय होतं? धर्मेंद्र काय म्हणाला? बाबा होते तोवर उन्हाळ्यात घराला सुगंध असायचा. कशाचा?"

आता माझ्याही डोक्यात पाणी ठिबकायला लागलं. मारोतराव! दर फाल्गुनात हा माणूस ओसरीवर बसून वाळ्याच्या ताट्या स्वतःच्या हाताने बांधायचा. विकतच्या ताट्यांना तो झाडू म्हणायचा. त्याच्या कूलरची हवा माझ्या घरात आली तर मी स्वेटर घालायचो. बरं, स्वेटर नाही, पण बनियन तरी नक्की.

"अन् जुन्या ताट्यांचं काय करतात नागपुरात?" नीलाने विचारलं.

"होळीत टाकतात. होळी झाली का नव्या बसवतात."

"त्यांच्या पडल्या होळीत?"

गल्लीची होळी मीच रचतो. कोणाच्या घरून काय आलं ते मला पाठ असतं. त्यावरूनच वर्षभर टोमणे मारता येतात. मी आठवून पाहिलं. मारोतरावांच्या घरून यंदा दोन वाळक्या फांद्या आल्या होत्या. ताट्या नव्हत्या.

नीलाने अश्लेषाला फोन लावला. ती दवाखान्यात जितेंद्रच्या उशाशी होती.

"पाडव्याचं भांडण ताट्यांवरून झालं ना?"

अश्लेषा बोलायला लागली आणि थांबेना. "बाबांच्या हातच्या शेवटच्या ताट्या. आईंनी पेटीत जपून ठेवल्या होत्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी यांनी गच्चीवर नेऊन बडवल्या अन् कूलरला बसवल्या. इतका कुबट वास ताई, काळी भुकटी पडे नुसती. मी म्हटलं, याच्यापायी या घरात एखाद्याचा जीव जाईल. काढून कचऱ्यात टाकल्या, नवी जाळी आणली. आई रडल्या, उचलून परत घेऊन आल्या."

"आता कुठं आहेत?"

"आईंजवळच. यांना आज घरी नेऊन राहिलो ना आम्ही, तर सकाळी म्हणत होत्या, बाबांच्या ताट्या झटकून लावतो, जितूले थंडावा भेटन."

"रितिका कुठं आहे?"

"आजीजवळ," अश्लेषा म्हणाली, आणि तिच्या हातून फोन पडल्याचा आवाज आला.

६

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. भर दुपार. रस्त्यावर कुत्रं नव्हतं, माणूस नव्हता. आम्ही फाटक ढकलून आत शिरलो तेव्हा वरून आवाज येत होता: धप्. धप्. धप्.

गच्चीच्या दारात मी थबकलो. इंदूताई धोपटण्याने ताट्या बडवत होत्या. प्रत्येक फटक्यासरशी तपकिरी-काळी धूळ उठायची आणि उन्हात तशीच तरंगत राहायची. पाण्याच्या टाकीच्या सावलीत रितिका भातुकली मांडून बसली होती आणि तिच्या इवल्या ताटलीत ती धूळ बसत होती.

"काकू, हात थांबवा!" नीला ओरडली. एवढ्या मोठ्याने ओरडताना मी तिला आयुष्यात ऐकलं नव्हतं.

तिने ओढणी नाकावर बांधली, टाकीखालची बादली उचलली आणि ताट्यांवर उपडी केली. धूळ बसली. मी रितिकाला धोतराच्या सोग्यात गुंडाळून उचललं आणि खाली धावलो. या वयात मी जिना उतरलो नाही, जिनाच माझ्या पायाखालून निघून गेला. ती रडत होती, तिला तिची भातुकली हवी होती.

वरून इंदूताईंचा आवाज आला. "ओल्या काहून केल्या वं पोरी? त्याईच्या हातच्या आहेत त्या!"

७

ताट्यांतली बुरशी नीलाच्या प्रयोगशाळेत वाढायला वेळ लागला. तोवर जितेंद्र घरीच होता, मधल्या खोलीत. आधी शब्द गेले. मग रितिकाचं नाव गेलं. औषधाच्या बाटल्या चढत आणि उतरत राहिल्या.

मग नीला आली. हॉलमध्ये इंदूताई, अश्लेषा, धर्मेंद्र आणि मी. तिने तीन बंद काचेच्या थाळ्या ठेवल्या. तिन्हींत तेच उगवलं होतं, काळपट, मखमलीसारखं.

"ही वजीरची. ही जितेंद्रची. अन् ही ताट्यांची," ती म्हणाली. "तिन्ही एकच. काढ्यानं झालं नाही, कोंबड्यांनी झालं नाही, नारळ तर नव्हताच. काटोलच्या मंडीतून आलं म्हणावं तर वजीर कधी मंडीत गेला नाही. जितेंद्रनं गच्चीवर ताट्या बडवल्या, वजीरला वाटलं खेळ आहे, त्यानं नखांनी ओरबाडल्या, त्यात नाक खुपसलं. त्याच दिवसापासून शिंका. शंभर टक्के असंच झालं, अशी शपथ मी घेणार नाही. पण बाकी सगळे रस्ते बंद होतात, हा एकच उघडा राहतो. काकू, या ताट्या पेटीत ठेवताना वाळवल्या होत्या का?"

इंदूताईंची नजर थाळ्यांवर होती. "नाही."

"काहून?"

"ते गेले तेव्हा कूलर सुरू होता. ताट्या ओल्या होत्या. वाळवल्या असत्या तर वास गेला असता ना." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणून ओल्याच प्लास्टिकच्या पन्नीत बांधल्या. गच्च. पेटीत ठेवल्या. मनात आलं का पेटी उघडो, तर तेच असे घरात."

धर्मेंद्र उठून दाराकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. अश्लेषाने सासूकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. बोलायचा हक्क होता तिचा. तिने नुसतं जागेवरून थोडं सरकून इंदूताईंना पंख्याचा वारा लागू दिला.

मग इंदूताईंनी मान वर केली.

"नीला, एक सांग. पेटीत मी ठेवल्या. मी उघडल्या. तोंड घालून वास मी घेतला, किती खेपा घेतला. गच्चीवर मीपण बडवल्या. मी म्हातारी, जगून काय करून राहिली आहो? मले काहून नाही झालं?"

नीलासमोर तीन थाळ्या होत्या. कुत्रा कशाने मेला हे तिने शोधलं होतं, कोण निर्दोष ते शोधलं होतं, कोणत्या दिवशी, कोणत्या गच्चीवर, तेही शोधलं होतं.

"माहीत नाही काकू."

"डॉक्टरीन आहे ना तू?"

"कोणालाच माहीत नाही. धडधाकट माणसालाही होते. शेजारी बसलेल्याला होत नाही. का, ते अजून कोणाला सांगता आलं नाही."

"मले काहून नाही झालं?" इंदूताईंनी पुन्हा विचारलं, या वेळी कोणालाच नाही. मधल्या खोलीत जितेंद्र काहीतरी पुटपुटला. आम्ही सगळे वळलो. तो शब्द नव्हता.

८

जितेंद्र गेला. रितिकाला डॉक्टर मोहितांनी तपासलं, मशिनीत घातलं. काही नाही म्हणाले, आणि लक्ष ठेवा म्हणाले. किती दिवस, ते म्हणाले नाहीत.

मी गल्लीत ताट्यांची गोष्ट सांगितली. पानठेल्यावर सांगितली, किराण्याच्या दुकानात सांगितली. एक अक्षर वाढवलं नाही. लोक पोट धरून हसले. "मनोहरराव, कावळ्याची सावली परवडली गा! कूलरनं माणूस मारला म्हणता?" करणी त्यांना पटत होती. करणीत माणसाचं तोंड दिसतं.

तेरवीला काटोलकडचे, पारशिवनीकडचे सगळे सोयरे जमले. मांडवात पंगत बसली. अश्लेषा वरणाची बादली घेऊन वाढायला निघाली तशी पहिल्या माणसाने पत्रावळीवर हात आडवा धरला. "झालं माझं." वाढलेलंच नव्हतं अजून. दुसऱ्यानेही हात धरला. मग तिसरी बाई, मग ओळच्या ओळ. ती बादली घेऊन पुढे पुढे जात राहिली.

जेवणानंतर सोयऱ्यांतल्या एका पुढाऱ्याने खाकरून विषय काढला. "मुलगी या घराण्याची आहे. तिनं आजीजवळच राहावं, असं पंचांचं मत आहे. सुनेनं आपलं पाहावं."

तेव्हा इंदूताई उठल्या. पंचांसमोर कधी न बोललेली बाई.

"तिनं काही नाही केलं," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं झालं. यांच्या ताट्या मी ओल्या बांधून ठेवल्या, त्यात ते काळं वाढलं, माह्या पोरानं हुंगलं. मीच दिल्या त्याले. नीलानं दाखवलं मले काचेत. पोर तिची आहे, तिच्याजवळच राहीन. बस."

मला वाटलं, सुटली. अश्लेषालाही वाटलं असावं, कारण तिने पहिल्यांदाच मान वर केली.

मग एका म्हातारीने जीभ चुकचुकवली. "पोरगा गेला नं बाईचा. डोकं ठिकाणावर नाही." दुसरी म्हणाली, "आईचं काळीज. सारं आपल्यावर घेते." पुढाऱ्याने मान डोलावली आणि अश्लेषाकडे असं पाहिलं, जणू इंदूताईंच्या तोंडून हे वदवून घेणारी हीच.

इंदूताईंनी ते सगळं पाहिलं. त्या चालत गेल्या, रिकामी पत्रावळ घेतली आणि पंगतीच्या मधोमध एकट्या जमिनीवर बसल्या.

"अश्लेषा. मले वाढ वं."

अश्लेषाने वरण वाढलं. भात वाढला. थोडं वरण पत्रावळीबाहेर सांडलं. इंदूताईंनी भात कालवला आणि सगळ्यांसमोर, सावकाश, एकेक घास गिळत, सगळं संपवलं. पाणीही तिच्याच हातून मागून घेतलं.

मांडवाच्या मागच्या रांगेत कोणीतरी शेजारणीच्या कानाला लागलं. पण नागपूरची माणसं कानातही मोठ्यानेच बोलतात.

"पाह्यलं? म्हातारीलेही खाल्लं हिनं."

आता लोक त्या फाटकासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरतात. आत दोघी राहतात आणि एक पोर. पूर्वी गल्ली एकीला भीत होती, आता दोघींना भिते.